‘आज किती झालं?’

कादंबरी एकांतात लिहायची असते, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते खरं आहे का, हे तपासून बघायचं सुचतच नाही. माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा एका महिन्यात लिहून झाला, आणि तो मित्रमैत्रिणींच्या सोबतीनं झाला. त्यातलं एकही वाक्य त्यांचं नाही. महिना संपेपर्यंत त्यातलं एक पानही त्यांनी वाचलेलं नव्हतं. तरीही ही मंडळी नसती तर हा खर्डा झाला नसता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. लिहिणाऱ्याला दुसऱ्या माणसाची मदत नेमकी कुठे होते आणि कुठे तिचाच अडथळा होतो, हे त्या महिन्यात जेवढं लख्ख दिसलं, तेवढं आधीच्या कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

महिन्याभरात कादंबरी लिहायची ही कल्पना ख्रिस बेटी या अमेरिकन लेखकाची. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी, सगळे मिळून २१ जणांनी, ती पहिल्यांदा करून पाहिली. दुसऱ्या वर्षी त्यांनी हा बेत नोव्हेंबरात नेला. बाहेरची हवा वाईट असली की माणसं घरात बसून लिहितील, हा त्यामागचा हिशेब. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, थोडक्यात ‘नॅनोरायमो’, या नावानं तो जगभर पसरला आणि भाग घेणाऱ्यांची संख्या लाखांत गेली. नियम मोजके. एक तारखेला कोऱ्या पानापासून सुरुवात करायची आणि तीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत ५०,००० शब्द पूर्ण करायचे. आराखडा, टिपणं, पात्रांची नावं आधी तयार असली तर चालतात, कादंबरीचा मजकूर मात्र आधीचा नको. जो ५०,००० पर्यंत पोहोचला तो जिंकला. पहिला-दुसरा नंबर नाही, परीक्षक नाहीत.

३१ मार्च २०२५ रोजी ही संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. पैशांची ओढाताण हे मोठं कारण होतं. त्याआधी मुलांच्या सुरक्षिततेवरून आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल संस्थेनं घेतलेल्या भूमिकेवरून बरेच वादही झाले होते. बातमी वाचून मला हळहळ वाटली. ‘एकदा आपणही हे करायचं’ असं कितीतरी वर्षं मनात होतं. एका मैत्रिणीला म्हटलं, ‘राहूनच गेलं बघ.’ ती म्हणाली, ‘संस्था बंद झाली, महिना कुठे बंद झालाय? तू लिही. आम्ही आहोत.’

तिच्या त्या ‘आम्ही’मध्ये कोण कोण येतं, हे तिनं त्याच संध्याकाळी ठरवूनही टाकलं. ती स्वतः, आमची एक कवयित्री मैत्रीण, रोज झोपण्याआधी काहीतरी वाचणारा एक मित्र आणि कादंबऱ्यांच्या वाटेला सहसा न जाणारा दुसरा एक मित्र. या शेवटच्याला का घेतलं, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘त्याला तुझ्या शैलीशी घेणंदेणं नाही. तो फक्त पुढे काय झालं ते विचारेल.’ पुढे हे फार खरं ठरलं.

मी आधी छोटे लेख आणि काही कथा लिहिल्या होत्या. कथेत संपूर्ण आकार एका नजरेत मावतो. लिहितानाच शेवट दिसत असतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्या शेवटाशी ताडून बघता येतं. कादंबरीत ही सोय नाही. तिथे बराच काळ आपण काय लिहितोय हे कळत नाही आणि न कळता लिहीत राहावं लागतं. वाक्य घासूनपुसून झाल्याशिवाय पुढे न जाण्याची माझी सवय कथेला मानवते. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात तीच पाय धरून ठेवते. महिन्याची मुदत कामी येते ती इथे. ५०,००० ला ३० नं भागलं की रोजचे साधारण १,६६७ शब्द येतात. एवढे शब्द लिहायचे म्हटल्यावर कालच्या परिच्छेदाशी खेळत बसायला वेळच उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी हा आकडा थोडा जड आहे, हे सांगायला हवं. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून येतात. ‘दारामागून’, ‘तिच्याबरोबरसुद्धा’, ‘पोहोचल्यावरच’ हे मोजताना एकेकच शब्द. इंग्रजीत तेवढ्याच मजकुराचे तीन-चार शब्द होतात. म्हणजे मराठीतल्या ५०,००० शब्दांत गोष्ट इंग्रजीपेक्षा बरीच जास्त भरते. कवयित्री मैत्रिणीनं सुचवलं की आपण आकडा चाळीस हजारांवर आणू. मी नको म्हटलं. मुदत आणि आकडा दोन्ही दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले होते, आणि त्यांच्याशी घासाघीस करता येत नाही यातच त्यांचा उपयोग होता. एकदा आकडा आपल्या हातात आला की तो रोज थोडा थोडा खाली येत जातो.

चौघांशी झालेला करार साधा होता. महिनाभर कुणीही मजकूर मागायचा नाही आणि मी तो दाखवायचा नाही. रोज रात्री एकानं विचारायचं, ‘आज किती झालं?’ मी आकडा सांगायचा. कमी असला तरी खराच सांगायचा, आणि त्यावर समोरच्यानं ‘बरं’ एवढंच म्हणायचं. ‘वा’ नाही, ‘अरेरे’ नाही. ही अट कादंबऱ्या न वाचणाऱ्या मित्रानं घातली. त्याचं म्हणणं असं, की वा-वा सुरू झालं की तू वा-वा मिळवण्यासाठी लिहायला लागशील. मला हे तेव्हा जरा कोरडं वाटलं. पहिल्या आठवड्यातच त्यातला शहाणपणा कळला. ‘बरं’ ऐकलं की दिवस मिटायचा. उद्याचं पान कोरं, आजच्याचं ओझं नाही.

माझी कादंबरी एका निवृत्त मुद्रितशोधकाची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासलेला हा माणूस, त्याच्याशी बोलणं टाकलेल्या मुलीला एक पत्र लिहू बघतो आणि प्रत्येक खर्ड्यात चुका काढत बसतो. माझ्या आराखड्याप्रमाणे मुलगी अगदी शेवटच्या प्रकरणात येणार होती. पहिला आठवडा या माणसानं एकट्यानं ओढला. त्याचं टेबल, त्याची लाल शाई, छापखान्यातले जुने सोबती. शब्द सरसर येत होते. वेगात लिहिताना आणखी एक गोष्ट घडली. मी निवेदनाला ‘केले-गेले’ची प्रमाण भाषा धरून सुरुवात केली होती आणि दोन-तीन दिवसांत ती आपसूक ‘केलं-गेलं’वर आली. मुद्दाम बदललं नाही. घाईनं लिहिणारा हात बोलण्याच्या लयीकडे झुकतो, आणि त्या लयीत हा माणूस जास्त खरा वाटायला लागला. हा बदल निवांतपणे लिहिताना झाला असता का, मला वाटत नाही.

याच दिवसांत रशियन कादंबरीकार दस्तयेव्स्कीची एक हकीकत मी पुन्हा शोधून वाचली आणि ती महिनाभर मनातून गेली नाही. कर्जानं गांजलेल्या दस्तयेव्स्कीनं स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी एक जीवघेणा करार केला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हातात द्यायची. ती दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं तो जे लिहील ते मोबदला न देता छापायचा हक्क स्तेलोव्स्कीला मिळणार. तेव्हा ‘गुन्हा आणि शिक्षा’ मासिकातून क्रमशः येत होती आणि त्याचा सगळा जीव तिच्यात अडकलेला. सप्टेंबर संपला तरी नव्या कादंबरीची सुरुवातसुद्धा नव्हती.

मिल्युकोव्ह या त्याच्या मित्रानं हे ऐकलं आणि एक उपाय सुचवला. आपण काही मित्र एकत्र बसू, तू कथानक सांग, आम्ही भाग वाटून घेऊ, प्रत्येकजण आपापला भाग लिहील, मुदतीत काम होईल. दस्तयेव्स्कीनं नकार दिला. दुसऱ्याच्या लिखाणाखाली आपलं नाव घालणार नाही, असं त्यानं सांगितलं. तेव्हा मिल्युकोव्हनं दुसरा उपाय काढला. लघुलेखन येणारं कुणीतरी मदतीला घे, म्हणजे तू सांगशील आणि ती व्यक्ती उतरवून घेईल. त्यातून वीस वर्षांची आना ग्रिगोर्येव्ना स्नितकिना त्याच्या घरी आली. रशियातल्या तेव्हाच्या कालगणनेप्रमाणे ४ ऑक्टोबरला काम सुरू झालं आणि २६ दिवसांत ‘जुगारी’ ही कादंबरी पूर्ण झाली. दुपारी तो सांगायचा, ती उतरवून घ्यायची, घरी जाऊन त्याची नीट प्रत करायची आणि दुसऱ्या दिवशी घेऊन यायची. मुदतीच्या दिवशी स्तेलोव्स्की गावाला निघून गेलेला. त्याचा माणूस हस्तलिखित घेईना. शेवटी ते पोलीस ठाण्यात देऊन पावती घेतली गेली. पुढच्या फेब्रुवारीत दस्तयेव्स्की आणि आना यांचं लग्न झालं.

लोक या हकीकतीतलं लग्न लक्षात ठेवतात. माझ्या मनात राहिल्या त्या मिल्युकोव्हच्या दोन सूचना. दोन्ही सारख्याच प्रेमानं केलेल्या. पहिलीत मित्र लेखकाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतो. दुसरीत ओझं लेखकाकडेच राहतं, पण समोर एक माणूस येऊन बसतो. पहिली स्वीकारली असती तर कदाचित करार पाळला गेला असता, पण ती कादंबरी दस्तयेव्स्कीची झाली नसती. मैत्री कुठे थांबली म्हणजे लिहिणाऱ्याला बळ मिळतं, याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. आणि आनानं आठवणींत लिहून ठेवलं आहे, की काल किती पानं झाली, एकूण किती झाली, वेळेत होईल ना, असं दस्तयेव्स्की तिला पुनःपुन्हा विचारायचा. तयार पानांचा गठ्ठा वाढताना बघून त्याला धीर यायचा. हे वाचल्यावर माझ्या रात्रीच्या आकड्याबद्दल मला वेगळाच आदर वाटायला लागला. शब्द मोजण्याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण पाच-सहाशे पानांच्या कामात माणूस बुडालेला असतो तेव्हा गुणवत्ता त्याला दिसत नाही, दिसू शकत नाही. दिसतो तो गठ्ठाच.

दुसरा आठवडा मात्र आकड्यानं तरला नाही. या आव्हानात भाग घेतलेले बहुतेकजण दुसऱ्या आठवड्याबद्दल बोलतात आणि त्याचं कारण कादंबरीच्या रचनेतच आहे. सुरुवातीला पात्रं, जागा, प्रसंग यांची ओळख करून देण्यातच शब्द खर्ची पडतात. मग एका टप्प्यावर ओळखी संपतात आणि काहीतरी घडावं लागतं. माझा मुद्रितशोधक नवव्यांदा पत्र फाडत होता आणि त्याच्या दहाव्यांदा फाडण्यात मलाच रस उरला नव्हता. मी लिहीत होते, पण पानांत जीव नव्हता.

कादंबऱ्या न वाचणाऱ्या मित्राचा त्या सुमारास फोन आला. त्यानं नेहमीप्रमाणे आकडा विचारला, ‘बरं’ म्हणाला आणि मग विचारलं, ‘त्या मुलीचं काय चाललंय?’ मी म्हटलं, ‘ती शेवटी येणार आहे.’

‘ते कळलं. पण आज, या क्षणी ती कुठे आहे?’

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंही आग्रह धरला नाही, दुसरं बोलणं काढलं. दुसऱ्या दिवशी मी उत्तर शोधायला म्हणून लिहायला बसले आणि मुलगी पानावर आली. ती दुसऱ्या एका शहरात भाषांतराचं काम करत होती, आणि बापानं कधीकाळी तपासलेलं एक पुस्तक तिच्या टेबलावर होतं. त्यात एक चूक राहून गेलेली होती. कादंबरी तिथून चालायला लागली. त्या आठवड्यातलं माझं लेखन मला आजही सगळ्यात जास्त आवडतं.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. मुलीला आता आण, असं तो म्हणाला असता तर ती सूचना झाली असती. मी ती पाळली असती किंवा नाकारली असती. त्यानं विचारला तो निव्वळ प्रश्न, तोही एखाद्या ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसा. त्याच्या लेखी ती मुलगी होती, कुठेतरी होती, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. हा विश्वास माझ्याकडेही तोवर नव्हता. ‘तू लिहू शकतेस’ असं म्हणणारी माणसं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवतात, आणि ते छानच आहे. पण कोऱ्या पानासमोर त्याहून जास्त बळ देतो तो गोष्टीवरचा विश्वास.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा सांगाडा आठवून पाहा. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. पुस्तकाचा बराचसा भाग गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिला. लहानपणी मला त्यातली फक्त आई दिसायची. या महिन्यात पुन्हा पान उघडलं तेव्हा दिसले ते भोवती बसून ऐकणारे. ते श्यामला अडवत नाहीत, सुधारत नाहीत, पण दुसऱ्या रात्री पुन्हा येऊन बसतात. तेवढ्यावर ते पुस्तक पुढे सरकत राहतं. कोठडीत बसून इतक्या वेगानं लिहिणाऱ्या गुरुजींना हे ऐकणारे मनासमोर ठेवावेसे वाटले, यात मला नवल वाटत नाही.

मदतीचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. ब्रिटिश कादंबरीकार काझुओ इशिगुरो यांनी ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या कादंबरीचा खर्डा १९८७ च्या उन्हाळ्यात चार आठवड्यांत लिहिला. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत. दुपारच्या जेवणाला एक तास, रात्रीच्या जेवणाला दोन. पत्रांना उत्तर नाही, फोन नाही, घरी कुणी येणार नाही. हे शक्य झालं, कारण त्यांच्या वाटणीची घरकामं त्या चार आठवड्यांत पत्नी लॉर्ना यांनी उचलली. इशिगुरोंनी हे स्वतःच लिहिलं आहे आणि ते लिहिलं म्हणून मला ते जास्त आवडतात. वेळ आकाशातून पडत नाही, कुणाच्या तरी दिवसातून निघतो. बायका लिहायला बसतात तेव्हा हा वेळ कुणाच्या दिवसातून निघतो, हा प्रश्न फारच क्वचित विचारला जातो. माझ्या बाबतीत तो पहिल्या मैत्रिणीनं न बोलता सोडवला. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती यायची, माझ्या हातातली कामं स्वतःकडे घ्यायची आणि मला दार लावून घ्यायला सांगायची. त्या संध्याकाळी लिहिलेलं प्रत्येक पान तिचंही आहे, असं मी मानते.

बाकी पद्धती ज्यानं त्यानं शोधाव्यात. मला उपयोगी पडलेल्या दोन-तीन सांगते. नाव आठवलं नाही की चौकोनी कंसात ‘नाव’ लिहून पुढे जायचं. पात्राचं वय, नातं, भूतकाळ मधेच बदलला तर मागे जाऊन दुरुस्त करत बसायचं नाही, ‘इथून पुढे मुलगी थोरली’ अशी टीप टाकायची आणि ती थोरलीच आहे असं धरून लिहायचं. दिवसाचं काम थांबवताना प्रसंग पूर्ण करायचा नाही, पुढचं वाक्य माहीत असताना उठायचं. हेमिंग्वेची ही सवय प्रसिद्ध आहे, आणि ती का लागते हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. शिवाय कवयित्री मैत्रिणीबरोबर वीस-वीस मिनिटांचा टायमर लावून एकाच वेळी लिहायचे. ती तिच्या घरी कविता, मी माझ्या घरी कादंबरी. एकमेकींना काही दाखवायचं नाही. ती या क्षणी लिहितेय, एवढं माहीत असलं की खुर्चीतून उठवत नसे.

तिसऱ्या आठवड्यात वाचणाऱ्या मित्राला राहवलं नाही. ‘एकच प्रकरण दाखव,’ म्हणाला. माझाही मोह अनावर होत होता. पहिल्या मैत्रिणीनं त्याला अडवलं. त्या वेळी एखादं प्रकरण बाहेर गेलं असतं आणि त्याला ते आवडलं असतं, तरी माझं नुकसान झालं असतं असं मला वाटतं. आवडलेलं प्रकरण पक्कं होऊन बसतं. त्याच्याशी जुळेल असंच पुढचं लिहावंसं वाटतं. खर्डा अजून ओला असताना त्याला कौतुकही सोसत नाही.

महिना संपायच्या आत आकडा गाठला, पण कादंबरी संपलेली नव्हती. पत्र मुलीच्या हातात पडायचं होतं. चौघांनाही आता आकड्यात रस उरला नव्हता, ‘पत्र पोहोचलं का?’ एवढंच विचारत होते. ते पोहोचवून मगच मी थांबले. नंतर काही आठवडे खर्डा कपाटात ठेवला आणि तेव्हा कुठे चौघांना एकेक प्रत दिली.

आता वाचन सुरू आहे आणि करार बदलला आहे. आता ‘बरं’ चालत नाही, आता प्रत्येकानं भांडायचं आहे. कवयित्री मैत्रिणीनं छापखान्याच्या प्रकरणातली चांगली दहा पानं पेन्सिलीनं कापली आहेत आणि तिचं बरोबर आहे. वाचणाऱ्या मित्राला शेवट घाईत झाल्यासारखा वाटतो. पहिली मैत्रीण म्हणते, की लाल शाईचा उल्लेख निम्म्यानं कमी कर. कादंबऱ्या न वाचणारा मित्र सगळ्यात आधी वाचून मोकळा झाला. त्याच्या मते मुलगी पहिल्याच पानावर यायला हवी, बाप तिच्या नजरेतून दिसायला हवा. मला हे अजिबात पटलेलं नाही. बापाचा एकटेपणा वाचकानं आधी भोगायला हवा, तरच तिचं येणं लागेल, असं माझं म्हणणं आहे. रविवारी आम्ही पाचहीजण प्रती घेऊन बसणार आहोत. त्याचा मुद्दा खोडायला मी पाच प्रकरणांवर खुणा करून ठेवल्या आहेत. त्यानं किती केल्या आहेत, ते तो सांगत नाही.